मी तर नुसता लिहून घेणारा



अठराव्या अध्यायाचं आपलं वाचन काल पूर्ण झालं. शेवटी दोन नोंदी येतात आणि बहुतेक वेळा आपण त्या भराभर म्हणून पोथी बांधतो. एक माउलींच्या काळची: शके १२१२, आणि लिहून घेणारे सच्चिदानंदबाबा. दुसरी त्यानंतर जवळजवळ तीनशे वर्षांनी आलेली, नाथमहाराजांची: शके १५०६, म्हणजे इ.स. १५८४. ग्रंथ मुळात शुद्धच होता, पण पाठभेदांनी बिघडला, म्हणून शोधून नीट केला, असं नाथ सांगतात. वर ताकीदही देतात, की यात कुणी स्वतःची ओवी घालू नये. घातली तर अमृताच्या ताटात करवंटी ठेवल्यासारखं होईल.

काल मी तिथेच अडकलो. कारण माझं पोटापाण्याचं काम साधारण याच जातीचं आहे. मावशी विचारते, "तू शास्त्रज्ञ ना रे, मग शोध काय लावलास?" मी सांगतो, "मावशी, मी शोध लावत नाही. दुसऱ्यांनी लावलेले वाचतो आणि नीट लिहून ठेवतो." तिला वाटतं मी लाजतोय. पण खरंच तेवढंच आहे. आमच्या भाषेत त्याला क्युरेशन म्हणतात.

झालं असं, की एकाच गोष्टीला दहा प्रयोगशाळा दहा नावं देतात. माणसाला ते वाचून कळतं, संगणकाला नाही. म्हणून १९९८ मध्ये माशी, यीस्ट आणि उंदीर यांच्या जनुकांच्या नोंदी ठेवणारे तीन गट एकत्र आले आणि त्यांनी एक सामाईक शब्दसंग्रह सुरू केला: जीन ऑन्टॉलॉजी. यात शब्द नुसते यादीत नसतात, एकमेकांना बांधलेले असतात. हृदयाच्या स्नायूचं आकुंचन हा स्नायूच्या आकुंचनाचा एक प्रकार, आणि हृदय आकुंचन पावण्याच्या क्रियेचा एक भाग. झाड म्हणतो आम्ही त्याला, पण या झाडात एका फांदीला दोन-तीन खोडं असू शकतात. मी एखादं जनुक खालच्या एका शब्दाला जोडलं, की ते आपोआप वरच्या सगळ्या शब्दांनाही जोडलं जातं. चूकही तशीच वर चढते.

चुका किती साध्या असतात बघा. माणसाच्या जनुकांमध्ये 'मार्च-१' आणि 'सेप्ट-२' अशी नावं होती. एक्सेलमध्ये टाकली की त्यांच्या तारखा व्हायच्या! २०१६ च्या एका पाहणीत, ज्या शोधनिबंधांसोबत जनुकांच्या एक्सेल याद्या होत्या, त्यांतल्या साधारण पाचव्या हिश्शात असे घोळ सापडले. शेवटी २०२० मध्ये नावं ठरवणाऱ्या समितीने जनुकांचीच नावं बदलली. एक्सेलपुढे निसर्गाने हात टेकले, असं आम्ही गमतीने म्हणतो.

पण सगळंच हसण्यावारी नेण्यासारखं नसतं. हृदयाचा स्नायू जाड होण्याचा एक आनुवंशिक आजार आहे. त्यात धडधाकट तरुण खेळाडू मैदानात अचानक कोसळू शकतो. कोणत्या जनुकीय बदलामुळे तो होतो याच्या नोंदी ठेवलेल्या असतात, आणि त्या बघून डॉक्टर घरातल्या इतरांनाही सावध करतात. २०१६ मध्येच हार्वर्डच्या संशोधकांनी दाखवून दिलं, की त्यांतले काही बदल रोगकारक नव्हतेच. कृष्णवर्णीय अमेरिकनांमध्ये ते सर्रास आढळणारे, निरुपद्रवी बदल होते. जुन्या अभ्यासांत तुलनेसाठी जे निरोगी लोक घेतले, त्यांत कृष्णवर्णीय फार थोडे, किंवा नव्हतेच. म्हणून 'हा बदल आजाऱ्यात दिसतो, निरोग्यात दिसत नाही' असं खरोखरच वाटलं, आणि काही कुटुंबांना नसलेल्या आजाराचा अहवाल मिळाला.

आता सांगा, यात पाप कुणाचं? निबंधात होतं ते नोंदवणाऱ्याने नोंदवलं. अक्षरही बदललं नाही. नाथांची ताकीद त्याने तंतोतंत पाळली म्हणायची. 'मी तर नुसता लिहून घेणारा' ही पळवाट इथे अगदी हाताशी असते, आणि मीही ती अनेकदा वापरली आहे.

परंतु नाथांकडे पुन्हा बघितलं तर ती पळवाट राहत नाही. त्यांनी नुसती नक्कल कुठे केली? समोर दोन पाठ असतील तर एक ठेवला, एक सोडला. म्हणजे निवाडा केला. फरक एवढाच, की तो लपवला नाही. मी हे केलं, अमुक शकात केलं, अमुक कारणाने केलं, असं शेवटी लिहून ठेवलं. स्वतःची ओवी आत घुसवणं वेगळं आणि बाहेर उभं राहून 'निवड माझी आहे' म्हणणं वेगळं. माझ्या मते लिहिणाऱ्याचा धर्म या दुसऱ्यात आहे. नुसतं प्रामाणिकपणे उतरवून घेतलं की जबाबदारी संपत नाही.

आमच्याकडे त्यासाठी शिक्के आहेत. प्रत्येक नोंदीला ती कशावरून केली हे जोडावंच लागतं. प्रत्यक्ष प्रयोगावरून, दुसऱ्या प्राण्यातल्या साम्यावरून, की माणसाने न तपासता यंत्राने केलेली. (बहुसंख्य नोंदी या शेवटच्या प्रकारच्या असतात, हेही सांगून टाकतो.) अमुक जनुक हे काम करत नाही, असं प्रयोगात दिसलं तर तेही नोंदवता येतं. आपलं 'नेति' फार मोठ्या वस्तूबद्दल असतं, हे इवलंसं असतं, इतकंच.

आणि मला सगळ्यात आवडतो तो एनडी नावाचा शिक्का. अर्थ असा: आम्ही शोधलं, या तारखेपर्यंत काहीही सापडलं नाही. रिकामा रकाना आणि एनडी लिहिलेला रकाना यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. रिकाम्या रकान्यात कुणी पाहिलंच नसेल. एनडीमागे कुणीतरी दोन दिवस बसून निबंध चाळलेले असतात आणि मग 'माहीत नाही' म्हटलेलं असतं. हे नवखे असताना फार जड जातं. काहीतरी लिहावंसं वाटतं हो! दिवसभराच्या कामाचं फळ 'माहीत नाही' असलं की हात शिवशिवतात.

माझी चूक अशाच शिवशिवण्यातून झाली. पाच वर्षांपूर्वी एक निबंध वाचत होतो. प्रयोग माणसाच्या पेशींत केलेला, परिणाम स्वच्छ. मी माणसाच्या जनुकावर 'प्रत्यक्ष प्रयोग' असा शिक्का मारून मोकळा झालो. त्या पेशींत घातलेलं जनुक कुठलं, हे निबंधात नव्हतं. फक्त आधीच्या एका निबंधाचा हवाला होता. तो उघडला असता तर कळलं असतं, जनुक उंदराचं होतं. माणसाच्या नोंदीला 'साम्यावरून' एवढंच म्हणता आलं असतं. संध्याकाळचे सहा वाजले होते, मी तो उघडला नाही.

गेल्या महिन्यात एका पीएच.डी. करणाऱ्या मुलीचं पत्र आलं. आमच्या नोंदीवर भरवसा ठेवून तिने चार महिने प्रयोग केले, काही जुळेना, म्हणून मुळाशी गेली आणि तो उंदीर तिला सापडला. पत्रात राग नव्हता. फक्त विचारलं होतं, नोंद बरोबर आहे का?

सहकारी म्हणाले, "पुढच्या आवृत्तीत दुरुस्त होईल, 'माहिती अद्ययावत केली' असं कळवून टाक." वाक्य खोटं नव्हतं. त्यात चूक कुणाची हे तेवढं गाळलेलं होतं. मी ते टाइपही केलं. मग पुसलं आणि लिहिलं, "ही नोंद मी केली होती. दुसरा निबंध मी उघडून पाहिला नाही. तुमचे चार महिने त्यामुळे गेले."

नोंद दुरुस्त झाली आहे, आजच्या तारखेसह. पण मधल्या पाच वर्षांत ती यादी कितीजणांनी उतरवून घेतली आणि कुठल्या कुठल्या गणितात घातली, ते शोधायला काही मार्ग नाही. त्यांच्याकडे ती अजून तशीच असेल, माझ्या शिक्क्यासह. पैठणची शुद्ध प्रत तयार झाली तेव्हा गावोगावच्या देव्हाऱ्यांत जुन्या प्रती असतीलच, आणि लोक त्या श्रद्धेने वाचत असतील. नाथांच्या मनात त्यांचं काय आलं असेल, हे काल रात्री बराच वेळ डोक्यात होतं.

त्या मुलीचं उत्तर अजून आलेलं नाही.

उद्यापासून पुन्हा पहिला अध्याय.

॥ राम कृष्ण हरि ॥