पेत्र पंगतीतून का उठला?

ख्रिस्ती हे नाव शिष्यांस प्रथम कोठे मिळाले, असे रविवारच्या शाळेतील मुलांस विचारले तर ती चटकन 'अंत्युखिया' असे उत्तर देतात. ते बरोबर आहे. प्रेषितांच्या कृत्यांच्या अकराव्या अध्यायात तसे लिहिले आहे. परंतु ज्या नगरात हे नाव मिळाले त्याच नगरात ख्रिस्ती लोकांची पंगत मोडली, आणि ती कोणा शत्रूने नव्हे तर प्रत्यक्ष पेत्राने मोडली, हे पुष्कळ मोठ्या माणसांसही सांगता येत नाही. पौलाने गलतीकरांस लिहिलेल्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात, अकराव्या वचनापासून चौदाव्यापर्यंत, हा वृत्तांत आहे. अवघी चार वचने. परंतु आमच्या खेड्यांतील मंडळ्यांस ती इतकी लागू पडतात की, लग्नसराई जवळ आली म्हणजे पाळकांनी ती उपासनेत वाचावी असे आम्हांस वाटते.

अंत्युखियाची मंडळी मोठी विलक्षण होती. कृत्यांच्या तेराव्या अध्यायाच्या आरंभी तिच्या शिक्षकांची नावे दिली आहेत. त्यांत कुप्र बेटातला लेवी बर्णबा आहे. ज्यास लोक 'काळा' म्हणत तो शिमोन आहे. आफ्रिकेच्या किनाऱ्यावरील कुरेने गावचा लूक्य आहे. हेरोद राजाबरोबर लहानाचा मोठा झालेला मनाएन आहे. आणि परूश्यांच्या कडक शिस्तीत वाढलेला शौल आहे. अशी माणसे एका ठिकाणी बसून जेवत होती. पेत्र तेथे आला तेव्हा तोही यहूदी नसलेल्या बंधूंच्या पंक्तीस बसू लागला. आणि मूळ ग्रीक भाषेतील क्रियापदावरून दिसते की, तो एखाद्या दिवशी पाहुणा म्हणून नव्हे, तर नित्य बसत असे. पुढे यरुशलेमेतील याकोबाकडून काही माणसे आली. त्यांस पाहून पेत्र हळूहळू मागे सरला व वेगळा राहू लागला. त्याचे पाहून बाकीचे यहूदी बंधूही उठले. शेवटी बर्णबासुद्धा उठला.

आता, पेत्र अज्ञानाने असे वागला असे कोणी म्हणू नये. तो यापो नगरात कातडी कमावणाऱ्या शिमोनाच्या घरी उतरला होता. मेलेल्या जनावरांचे कातडे हाताळणाऱ्याचे घर यहूदी लोकांच्या दृष्टीने काय होते, हे आमच्या वाचकांस समजावून सांगण्याची गरज नाही. त्याच घराच्या धाब्यावर त्यास आकाशातून उतरणाऱ्या चादरीचा दृष्टांत झाला. तेथून तो कर्नेल्य नावाच्या रोमी शताधिपतीच्या घरी गेला, आणि परत आल्यावर यरुशलेमेतील बंधूंनी 'सुंता न झालेल्यांच्या घरी जाऊन जेवलास' म्हणून त्यास धारेवर धरले, तेव्हा त्याने सर्व हकिकत क्रमाने सांगून त्यांस निरुत्तर केले. म्हणजे सत्य काय ते त्यास ठाऊक होते, ते त्याने सभेत मांडले होते, त्यासाठी बोलही सोसले होते. तरी अंत्युखियात चार पाहुणे दाराशी दिसताच त्याचे पाय डगमगले. पौल कारणही एकाच शब्दात देतो: भय.

येथे पौलाची भाषा ध्यानात घेण्याजोगी आहे. पेत्राचे मत चुकले असे तो म्हणत नाही. सुवार्तेच्या सत्याप्रमाणे त्याचे चालणे सरळ नाही, असे तो म्हणतो; आणि 'सरळ चालणे' यासाठी त्याने जो ग्रीक शब्द योजला आहे तो 'सरळ' व 'पाय' हे दोन शब्द जोडून झालेला आहे. मत शाबूत असते आणि पाय वाकडे पडतात. आमच्या मंडळ्यांतही जातिभेदाच्या बाजूने व्यासपीठावरून कोणी एक शब्द बोलणार नाही. विश्वासांगीकार सर्वांस पाठ आहे. परंतु लग्नाच्या दिवशी मांडवात काय होते? कोणी कोणास उठवीत नाही. फक्त 'तुमची मंडळी मागच्या पंगतीला बसवू' असे गोड शब्दांत सांगण्यात येते. किंवा वरच्या आळीतल्या बाया भाजी चिरावयास बसल्या म्हणजे खालच्या आळीतल्या बाईच्या हाती विळी न देता झाडू देण्यात येतो. पेत्रही काही बोलला नव्हता. तो नुसता उठला होता.

आणि बर्णबा! तो चांगला मनुष्य होता अशी साक्ष शास्त्रच देते. शौलावर कोणी विश्वास ठेवीना तेव्हा त्याचा हात धरून त्यास प्रेषितांकडे नेणारा हाच. असा मायाळू मनुष्यदेखील मोठ्या माणसाचे पाहून उठतो, हे वाचताना आम्हांस नेहमी वाईट वाटते. आणि गावातला वडील पंच उठला म्हणजे मागून कितीजण उठतील याचा हिशेबही मनात येतो.

परंतु ह्या प्रकरणात एक खरी अडचण आहे आणि ती टाळून पुढे जाणे बरे नव्हे. पुष्कळ प्रामाणिक प्रचारक बंधू म्हणतात: "पौलानेच दुर्बळांस सांभाळून घ्या असे शिकविले ना? आमच्यांतील वृद्ध माणसांच्या मनातून विटाळाची कल्पना एका दिवसात जात नाही. नातलगांपैकी अर्धे लोक ख्रिस्ती नाहीत. त्यांस एकदम दुखविले तर ते मंडळीकडे पाठ फिरवतील. म्हणून थोडे दिवस पंगती वेगळ्या ठेवल्या तर ती प्रीतीच नव्हे काय?" ह्या म्हणण्यास आधार नाही असे नाही. करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या आठव्या अध्यायात, माझ्या खाण्याने भावास अडखळण होत असेल तर मी जन्मात मांस खाणार नाही, अशा अर्थाचे पौल लिहितो. रोमकरांस पत्राचा चौदावा अध्यायही ह्याच शिकवणीने भरलेला आहे. मग दुर्बळांसाठी स्वतःचे मांस सोडणारा पौल, दुर्बळांसाठी पंगत सोडणाऱ्या पेत्रावर सर्वांदेखत का तुटून पडला? दोघांनी एकच गोष्ट केली नव्हे काय?

आमच्या मते उत्तर असे आहे. सांभाळून घेण्याचा खर्च कोणाच्या पदरी पडतो ते पाहावे. करिंथात जो सबळ होता त्याने आपल्या ताटातला पदार्थ बाजूला ठेवावा अशी मागणी होती. त्याची जीभ थोडी रुसली असेल, परंतु त्यामुळे कोणा भावाचा अपमान झाला नाही. अंत्युखियात पेत्राने यरुशलेमेच्या पाहुण्यांचे मन राखले खरे, परंतु त्याचा खर्च पेत्राने दिला नाही. तो परराष्ट्रीय बंधूंनी दिला. तेथे ताटातला पदार्थ सोडला गेला नाही, शेजारी बसलेला भाऊ सोडला गेला. आपल्या कनवटीचे पैसे काढून दुसऱ्याचे ऋण फेडणे निराळे, आणि तिसऱ्याच्या घरातले भांडे विकून ते फेडणे निराळे. शिवाय 'दुर्बळ' कोण, हेही नीट पाहिले पाहिजे. ज्याचा विवेक घाबरट आहे तो दुर्बळ, असे आपण म्हणतो, आणि ते ठीक आहे. पण नुकताच बाप्तिस्मा घेऊन आलेला, ज्याला मागच्या पंगतीत बसविले, तो दुर्बळ नव्हे काय? अडखळण कोणास झाली ते विचारताना आपण त्याच्याकडे वळून पाहतही नाही.

मग त्या वृद्ध मातेचे काय करावे, जिला खरोखरच घास गिळत नाही? तिच्यावर सक्ती करू नये. तिचे ताट तिच्या इच्छेप्रमाणे वेगळे वाढावे, मुलाने स्वतः वाढावे, आदराने वाढावे. आणि वाढून झाल्यावर मुलाने परत येऊन आपल्या भावांच्या पंक्तीस बसावे. ती वेगळी बसली तर बसू द्यावी. तिच्यासाठी दुसऱ्यास वेगळे बसवू नये. पेत्रास हे करता आले असते. पाहुण्यांस पाय धुवावयास पाणी द्यावे, ती सोवळ्याने जेवू इच्छितात तर तशी सोय करावी, आणि आपण आपल्या जागी बसून राहावे. हे कठीण आहे खरे, कारण त्यात पाहुण्यांचे डोळे आपल्यावर रोखलेले राहतात.

दुसरीही एक गोष्ट आहे. दुर्बळांस सांभाळणे ते सबळ व्हावेत म्हणून असते. त्यास मुदत असते. मुदत नसलेल्या सांभाळण्याचे काय होते हे आमच्याच देशाच्या इतिहासात पाहावयास मिळते. तमिळ प्रांतात तरंगमबाडी येथे प्रॉटेस्टंट मिशनचे काम १७०६ साली झीगेनबाल्ग व प्ल्युत्शाउ ह्या दोन जर्मन पाळकांनी आरंभिले. तेथील उपासनामंदिरात निरनिराळ्या जातींच्या विश्वासणाऱ्यांची बसण्याची जागा निराळी असे. हळूहळू समजूत पडेल, अशी आशा होती. शंभराहून अधिक वर्षे गेली. समजूत पडली नाही. उलट नातवंडांस तो आपला हक्क वाटू लागला. १८३३ साली कलकत्त्याचे बिशप डॅनिएल विल्सन यांनी जातिभेद मंडळीतून समूळ गेलाच पाहिजे असे पत्र काढले, तेव्हा भोसले राजांच्या तंजावरात व आसपास पुष्कळ कुटुंबे मंडळी सोडून बाहेर पडली. पहिल्या पिढीत जे थोडक्या अश्रूंनी भागले असते त्यास चौथ्या पिढीत मंडळीचे दोन तुकडे होण्याची किंमत पडली. विल्सन साहेबांची रीत फार कठोर होती असे काहींचे मत आहे, आणि असेलही. परंतु एवढा उशीर त्यांनी केलेला नव्हता.

आमच्या महाराष्ट्राकडे वळू. आज ज्यास अहिल्यानगर म्हणतात त्या अहमदनगरास अमेरिकन मराठी मिशनचे काम १८३१ साली सुरू झाले. पुढे त्या जिल्ह्यातील खेड्यांतून जे लोक प्रभूकडे आले त्यांत महार समाजातील पुष्कळ होते आणि मागाहून मांग समाजातीलही आले. गावकुसाबाहेर एकाच उन्हात राहिलेल्या, एकाच पाणवठ्यावरून हाकलल्या गेलेल्या ह्या दोन समाजांनी ख्रिस्तात आल्यावरही एकमेकांपासून अंतर राखावे, ह्याहून खेदाची गोष्ट आम्हांस ठाऊक नाही. वरच्याने आपणांस दूर लोटले याचे दुःख ज्यास कळते त्याने खालच्यास दूर लोटू नये, असे वाटते. परंतु मनुष्याचे मन असे सरळ चालत नाही, आणि दुखावलेला मनुष्य पुष्कळदा आपल्याहून खाली कोणी आहे एवढ्यावरच समाधान मानतो.

याउलट उदाहरणही आहे, आणि ते मराठी ख्रिस्ती घरांत सर्वांच्या परिचयाचे आहे. नारायण वामन टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाई त्यांच्यापाशी परत राहावयास आल्या तरी आरंभी त्यांचे सोवळे व त्यांची चूल वेगळी होती. टिळकांनी ते चालू दिले. परंतु विचार करता करता लक्ष्मीबाईंचेच मन पालटले, त्यांनी आपण होऊन जातिभेद टाकला, आणि त्यांचा बाप्तिस्मा १९०० साली झाला. म्हणजे आधी विटाळ गेला, मग पाणी आले. येथे सांभाळून घेणे फळास आले. आणि वाचकांनी पाहावे की, ह्या सांभाळण्याचा भार टिळकांनी आपल्या घरात, आपल्या अंगावर घेतला होता.

रोटीच्या व्यवहाराविषयी आम्ही इतके लिहिले. बेटीच्या व्यवहाराविषयी थोडेच लिहितो. अमक्याच्याच घरी मुलगी द्यावी अशी आज्ञा शास्त्रात नाही, आणि पाळकांनी सोयरिकी लादू नयेत. तरी स्थळ चांगले, मुलगा निर्व्यसनी, प्रभूच्या भयात चालणारा, हे सर्व कबूल करून 'पण ते आपल्यांतले नव्हत' एवढ्याच कारणाने जे घर नकार देते, त्याने 'आपल्यांतले' ह्या शब्दाचा अर्थ गलतीकरांस पत्राच्या तिसऱ्या अध्यायाशी ताडून पाहावा.

ह्यात नुकसान किती आहे ते सांगतो. १९५० साली आपली राज्यघटना अमलात आली व तिच्या सतराव्या कलमाने अस्पृश्यता नष्ट केली. त्याच वर्षी निघालेल्या अनुसूचित जातींच्या आदेशान्वये, त्या जातींतून जे ख्रिस्ती झाले त्यांस त्या जातींच्या सवलती मिळेनाशा झाल्या. पुष्कळ गरीब कुटुंबांनी हे समजून उमजून प्रभूचे नाव घेतले. मुलाची शिष्यवृत्ती गेली, राखीव जागा गेली, भाऊबंद तुटले. एवढे मोल देऊन जो मनुष्य आत आला, त्यास आत येऊनही मागची पंगत दाखविण्यात आली तर तो काय समजेल? तो शास्त्रार्थ करीत बसत नाही. तो पुढल्या रविवारी येत नाही, आणि आपण पटावर त्याच्या नावापुढे 'गैरहजर' असे लिहितो.

प्रचारक बंधूंस आणखी एक सांगावयाचे आहे. पौलाने पेत्राविषयी यरुशलेमेस तक्रारीचे पत्र पाठविले नाही. परराष्ट्रीय बंधूंस गोळा करून पेत्राची पाठीमागे निंदा केली नाही. तो तोंडावर बोलला. आणि सर्वांदेखत बोलला, कारण पंगत सर्वांदेखत मोडली होती. खासगी चुकीसाठी मत्तयाच्या अठराव्या अध्यायातील रीत आहे, आधी एकट्याने एकट्यास सांगण्याची. आमच्या मंडळ्यांत दोन्ही रीती बाजूला ठेवून तिसरीच चालते: ओट्यावर बसून सर्वांस सांगावयाचे, फक्त त्यासच नाही. अर्थात जो तोंडावर बोलणार त्याचे स्वतःचे ताट आधी योग्य जागी असले पाहिजे. पौल परराष्ट्रीयांच्या पंक्तीत बसून बोलत होता, म्हणून त्यास बोलता आले.

पेत्राने काय उत्तर दिले ते पौल लिहीत नाही. दुसऱ्या दिवशी तो कोणाच्या शेजारी बसला हेही आपणांस सांगितलेले नाही. परंतु पेत्राच्या नावाचे जे दुसरे पत्र आहे, त्याच्या तिसऱ्या अध्यायात पौलाचा उल्लेख आला आहे, आणि ज्याने भर सभेत त्याची चुकी दाखविली त्यास तेथे आपला प्रिय बंधू म्हटले आहे.