नाम, संकेत आणि अठरा बाइट

शब्द आणि अर्थ यांचा संबंध भारतीय दर्शनांतल्या मीमांसकांच्या मते नित्य, तर नैयायिकांच्या मते केवळ संकेताने ठरलेला. हा जुना वाद, वाशीम जिल्ह्यातील मानोरा या तालुक्याच्या गावाचे नाव संगणकाच्या दप्तरी कसे दाखल होते हे पाहिले असता, पुन्हा जागा होतो. म, काना, न, ओकार, र, काना अशी ही सहा चिन्हे. १९९१ च्या इस्की या भारतीय मानकात त्यांना सहा बाइट पुरत, आज रूढ असलेल्या युनिकोडच्या यूटीएफ-८ पद्धतीत अठरा लागतात, आणि रोमन लिपीत मात्र हेच नाव सहांतच भागते. (यात कोणाचा आकस नाही, आधी आलेल्यांना आखूड क्रमांक मिळाले, इतकेच.) यूटीएफ-८ मध्ये म म्हणजे २२४, १६४, १७४, न म्हणजे २२४, १६४, १६८, सुटा घेतलेला यांतला एकही अंक अक्षराचा बोध करून देत नाही.

बाइट हा ध्वनीप्रमाणे केवळ व्यंजक, म्हणजे आधीच असलेले प्रकट करणारा, असे मीमांसक म्हणतील. परंतु युनिकोडपूर्व फाँटांत टंकलेली फाईल, तो फाँट नसलेल्या यंत्रावर उघडताच, एकही बाइट न हरवता निरर्थक रोमन चिन्हांची रास होते, तेव्हा मजकूर शाबूत आणि संकेत तेवढा गहाळ असतो. माझा कौल नैयायिकांना. संकेत माणसांतही टिकतो: मानोरा तालुक्यातल्याच पोहरादेवीला, सेवालाल महाराजांच्या समाधीस्थानी, बंजारा भाविकांच्या मुखी असलेल्या बोलीला स्वतःची लिपी नाही. ती जाणत्यांच्या परंपरेवर टिकली. फायलींना तो आधार नाही. म्हणून जुन्या फाँटांतली दप्तरे ज्यांच्या ताब्यात आहेत, त्यांनी ती वेळीच युनिकोडमध्ये उतरवून घ्यावीत.