शेंगांचं सोवळं

थंडीत पेण-रोह्याकडे कुणी "पोपटीला या" म्हणालं, तर पोपट शोधू नका. मडक्यात भांबुर्डीचा पाला, वर वालाच्या शेंगा, ओवा, मीठ, अंडी आणि मसाला चोळलेली कोंबडी. तोंडाशी पुन्हा पाला कोंबून मडकं शेतात उपडं घालायचं, भोवती जाळ करायचा. आत पाण्याचा थेंब नाही. नंतर वरून पाणी शिंपडायचं; 'चर्र' वाजलं की झालं!

आता सांगा, कोंबडीशेजारी शिजलेली शेंग शाकाहारी की मांसाहारी? आमचे माळकरी भाऊजी म्हणतात, "शेंगेने थोडीच कोंबडी खाल्लीय?" आणि ओंजळ भरतात. ताईला मात्र वेगळं मडकं लागतं. लागू दे की! स्वतःसाठी कुणी वेगळं मागितलं तर माझी हरकत नाही. दुसऱ्याला वेगळं काढून दिलं, की माझा घास अडतो. याच जिल्ह्यात, महाडला, १९२७ साली चवदार तळ्याचं पाणी प्यायला माणसांना सत्याग्रह करावा लागला होता.

यंदा ताईचं मडकं वेगळं लावलं. जाळ एकच. मी दोन्हींतल्या शेंगा खाल्ल्या. कोंबडीजवळच्या सरस होत्या. ताईला अजून बोललो नाहीये.