गहाण पडलेला मुलूख

कर्जापोटी माणसांसकट मुलूख गहाण टाकता येतो का? आणि कर्ज फिटल्यावरही सावकाराने तो सोडला नाही, तर ‘मी तो चांगला सांभाळला’ हे उत्तर न्यायाला पुरते का? वऱ्हाडात हा प्रश्न जवळजवळ शतकभर लोंबकळत राहिला.

२१ मे १८५३ रोजी हैदराबादच्या निजामाने ईस्ट इंडिया कंपनीशी तह केला. इंग्रज अधिकाऱ्यांच्या हुकमतीखालच्या हैदराबाद कंटिन्जंट फौजेचा खर्च त्याच्या माथी होता. तो थकला, कर्ज वाढत गेले आणि गव्हर्नर जनरल डलहौसीने त्यापोटी वऱ्हाड, धाराशिव आणि रायचूर दोआब ताब्यात घेतले. अमरावती-अकोल्याशी कंपनीचा मतलब तेव्हा फौजेच्या पगारापुरता होता.

१८६० मध्ये ५० लाखांचे कर्ज माफ झाले. धाराशिव, रायचूर परत गेले. वऱ्हाड मात्र इंग्रजांकडेच राहिला.

पुढच्याच वर्षी अमेरिकेत यादवी पेटली, मँचेस्टरच्या गिरण्यांना कापूस मिळेना आणि इथल्या काळ्या मातीचा भाव वधारला. १८७० मध्ये खामगावच्या रेल्वेफाट्याच्या उद्घाटनाला व्हाइसरॉय मेयो स्वतः आले. वऱ्हाड परत मिळावा म्हणून फौजेच्या खर्चासाठी रोख तारण ठेवण्याची तयारी निजामाचे दिवाण सालारजंगांनी दाखवली, तरी नकारच मिळाला. गरज आधी बदलली. तत्त्व तिच्या मागून आले. ते तत्त्व होते रयतेच्या हिताचे.

त्यात तथ्य अजिबात नव्हते असे नाही. जमिनीची मोजणी झाली, शाळा आणि न्यायालये आली. पण १८९९-१९०० चा भीषण दुष्काळही याच राजवटीत पडला. शिवाय कारभार कितीही चोख असला, तरी रयतेला न विचारण्याचा हक्क त्यातून कसा मिळतो? १८९७ मध्ये काँग्रेसचे अधिवेशन अमरावतीतच भरले होते. दादासाहेब खापर्डे, रंगनाथ मुधोळकर यांच्यासारखी बोलणारी माणसे गावात होती. तरी १९०२ मध्ये व्हाइसरॉय कर्झन आणि निजाम यांनी वर्षाला २५ लाखांवर वऱ्हाडचा कायमचा पट्टा करून टाकला. हा खंड ठरवताना ज्यांच्या शेतातून तो निघणार होता, त्यांना दोघांपैकी कोणीच विचारले नाही. निजामाचा दावा कायद्याने बळकट असेल; नीतीच्या तराजूत तोही इंग्रजांइतकाच हलका ठरतो.

१९२६ मध्ये व्हाइसरॉय रीडिंग यांनी वऱ्हाड परत देण्याची निजामाची मागणी फेटाळली आणि ब्रिटिश सत्तेचे श्रेष्ठत्व ठणकावून सांगितले. दहाच वर्षांत सूर बदलला: १९३६ च्या करारात निजामाचे सार्वभौमत्व मान्य झाले, युवराजाला ‘प्रिन्स ऑफ बेरार’ हा किताब मिळाला, कारभार मात्र मध्यप्रांताबरोबरच राहिला. ८ ऑगस्ट १९४७ रोजी वऱ्हाड आणि पश्चिम महाराष्ट्रातले पुढारी अकोल्यात बसून भावी प्रांताचा करार करत होते, तेव्हाही १९३६ चा तो कागद रद्द झालेला नव्हता.