फुंकल्याशिवाय सुरू न होणारी गाडी, आणि तिचा खर्च

भाऊबीज झाली की गोंदिया-भंडाऱ्यात मंडईचे दिवस येतात. दिवसा मंडई, रात्री झाडीपट्टीचे नाटक. लेकी-जावई, पाहुणे, सारे गाव गोळा होते. नाटक सुटल्यावर मोहाची प्यालेला कुणीतरी मोटारसायकलला किक मारतो. मागे बायको, पुढे टाकीवर लेकरू. हे आपण सगळ्यांनी पाहिले आहे. पाहून त्याचा हात धरला किती जणांनी?

अशा चालकांसाठी परदेशात इग्निशन इंटरलॉक नावाचे यंत्र वापरतात. नळीत फुंकायचे, श्वासात दारू आढळली तर इंजिन सुरूच होत नाही. दुसऱ्याला फुंकायला लावून निघता येऊ नये म्हणून वाटेतही पुन्हा फुंकावे लागते. कॅलिफोर्नियाने 1986 मध्ये कायदा करून त्याचा प्रयोग सुरू केला. यंत्र गाडीत असेपर्यंत तोच माणूस पुन्हा पिऊन सापडण्याचे प्रमाण सुमारे दोन तृतीयांशाने घटते, असे तिथले अभ्यास सांगतात. यंत्र काढले की हा परिणाम बराचसा ओसरतो, हेही तेच सांगतात.

आपल्या मोटार वाहन कायद्याच्या कलम 185 मध्ये 2019 च्या दुरुस्तीनंतर पहिल्या गुन्ह्याला 10,000 रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही आहे. यंत्राचा उल्लेख नाही. तो करा म्हटले की पहिला प्रश्न येतो, पैसा कुणी द्यायचा? प्रश्न रास्त आहे. यंत्र एकदा बसवून भागत नाही. त्याची अचूकता वरचेवर तपासावी लागते, नोंदी वाचाव्या लागतात, छेडछाड करणाऱ्याला कोर्टात उभे करावे लागते. अमेरिकेत हा भार बहुतेक दोषी चालकावरच असतो. देवरीकडचा धानकापणीचा मजूर तो कुठून भरणार? शिवाय त्याची गाडी किकने, नाहीतर ढकलूनही सुरू होते. म्हणून सरसकट सक्ती मला पटत नाही.

पण खर्च नको म्हणणाऱ्यांनी आज होणारा खर्चही मांडून पाहावा. 108 ची रुग्णवाहिका, सरकारी दवाखान्यातली खाट, तिथून नागपूरला रेफर, पोलिसांचा पंचनामा, वर्षानुवर्षे चालणारा खटला. हे सारे सार्वजनिक पैशातूनच होते. आणि घरचा कर्ता गेल्यावर गहाण पडलेली धानाची बांधी, शाळा सोडून मजुरीला लागलेली पोर, यांची नोंद तर कुठल्याच वहीत होत नाही. बाटली आडवी करण्यासाठी मतदानाच्या रांगेत उभ्या राहणाऱ्या बायांना हा हिशेब तोंडपाठ आहे.

जून 2025 मध्ये राज्य मंत्रिमंडळाने मद्यावरील शुल्क वाढवले, तेव्हा वर्षाला 14,000 कोटी रुपयांच्या जादा महसुलाची अपेक्षा सांगितली गेली. बाटलीतून आलेल्या या पैशातला ठरलेला वाटा बाटलीने केलेल्या नुकसानीवर खर्च झालाच पाहिजे. सुरुवात ज्यांच्या हाती दुसऱ्यांचे जीव असतात त्यांच्यापासून व्हावी: गोंदिया आणि तिरोडा आगारांच्या एसटी, शाळांच्या बस, महामार्ग 53 वरचे ट्रक. एसटीचे चालक दारुडे असतात असा याचा अर्थ नाही. चाळीस प्रवाशांच्या जिवाची हमी चालकाच्या शब्दापलीकडेही असावी, एवढाच आहे. फ्रान्सने 2015 पासून प्रवासी बसगाड्यांत हे यंत्र सक्तीचे केले. आपल्याकडे बसची संख्या मोजकी, गाड्या रोज आगारात येतात, देखभालीची माणसे तिथेच असतात. नोंदी तपासणे तिथे सर्वांत स्वस्त पडेल.

दुचाकीसाठी माणसेच उभी करावी लागतील. मंडईच्या रात्री श्वास तपासणारा पोलीस हवा, आणि त्याच्या बाजूला गावची तंटामुक्त समिती. जावई रागावेल, पाहुणा अपमान मानेल. मानू दे. “भाऊ, आज इथेच झोपा, किल्ली सकाळी घेऊन जा,” असे नाटकाच्या मांडवाबाहेर उभे राहून सांगणारा सरपंच मला यंदाच्या मंडईत पाहायचा आहे.