दुखणारा मेद

फिलाडेल्फियातील पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या आवारात 1885 च्या सुमारास एक विलक्षण उद्योग चालला होता. एडवर्ड मायब्रिज हा छायाचित्रकार ओळीने मांडलेल्या कॅमेऱ्यांसमोरून घोडे, पहिलवान, पाणी ओतणाऱ्या बायका, धावणारी मुले यांना चालवत, पळवत होता आणि नुसत्या डोळ्याला न सापडणारी हालचाल काचेवर टिपत होता. फ्रान्सिस झेवियर डर्कम या तरुण मज्जाविकारतज्ज्ञाने आपले रुग्णही तिथे आणले. कोणाची चाल लटपटती, कोणाच्या अंगाला झटके. माणूस नेमका कुठे अडखळतो, हे डर्कम यांना पाहायचे होते. मायब्रिजने 1887 मध्ये 781 तक्त्यांचा जो प्रचंड संग्रह प्रसिद्ध केला, त्यात या रुग्णांचीही चित्रे आहेत.

पाहण्यावर एवढी भिस्त असलेल्या या माणसाचे नाव वैद्यकात टिकले ते मात्र न दिसणाऱ्या दुखण्यामुळे. 1888 मध्ये त्यांनी एका रुग्ण स्त्रीची हकीकत छापली आणि 1892 मध्ये तीन स्त्रियांची. अंगावर चरबीचे थर आणि गाठी. त्यांवर बोट जरा दाबले की जीव कळवळावा. ढोबळ नजरेला हा लठ्ठपणाच वाटेल, असे त्यांनी लेखाच्या शीर्षकातच नोंदवून ठेवले. आजाराला नाव दिले ‘अॅडिपोसिस डोलोरोसा’, म्हणजे दुखणारा मेद. आज त्याला डर्कमचा आजार म्हणतात. डोळ्यावर विसंबून निदान केले असते, तर हा आजार सापडलाच नसता. तो सापडला हात लावल्यामुळे, आणि हात लावल्यावर त्या बायका जे म्हणाल्या ते डॉक्टरांनी खरे धरल्यामुळे.

मला या गोष्टीतला हा दुसरा भाग अधिक महत्त्वाचा वाटतो. पुष्कळ आजारांची तक्रार अशी असते की ते बाहेरून दिसत नाहीत, म्हणून लोकांना पटत नाहीत. मेदाच्या दुर्मीळ विकारांचे दुखणे उलटे आहे. ते दिसतात, ठळक दिसतात; पण पाहणाऱ्याकडे त्यांचा अर्थ आधीच तयार असतो. खाणे जास्त, हालचाल कमी, मनावर ताबा नाही. उत्तर हातात असले की प्रश्न विचारायची गरज उरत नाही. समोरची बाई बोलू लागण्याआधीच तिची कहाणी ऐकणाऱ्याच्या मनात पुरी झालेली असते.

डर्कमच्या आजाराचे निदान तसे फार नाजूक पायावर उभे आहे. रक्ताची एखादी चाचणी करून तो सिद्ध होत नाही. स्वीडनमधील संशोधकांनी 2012 मध्ये जी किमान व्याख्या सुचवली, तिच्यात दोनच गोष्टी आहेत: वाढलेले वजन, आणि मेदात तीन महिन्यांहून अधिक काळ असलेली वेदना. यांतली पहिली गोष्ट काट्यावर मोजता येते. दुसरीसाठी रुग्णाच्या शब्दाशिवाय पुरावा नाही. रुग्ण बहुतेक स्त्रिया, वय साधारण पस्तीस ते पन्नास. म्हणजे वेदना सांगणारी मध्यमवयीन स्त्री, तीही जाड. जिच्या बोलण्याला घरात, कचेरीत आणि दवाखान्यात सर्वांत कमी वजन, तिच्याच बोलण्यावर सगळे निदान येऊन ठेपते.

याची दुसरी बाजूही जुन्या वैद्यकीय लिखाणात सापडते. 1901 मध्ये रू आणि व्हितो या फ्रेंच वैद्यांनी या आजाराची चार प्रमुख लक्षणे मांडली: दुखणाऱ्या गाठी, लठ्ठपणा, कमालीचा थकवा आणि मानसिक बिघाड. हे चौथे लक्षण वाचताना थबकायला होते. वर्षानुवर्षे अंग दुखते आहे, कोणी मानत नाही, अशा माणसाचे मन खचले तर ते आजाराचे लक्षण म्हणावे की त्याला मिळालेल्या वागणुकीचे? दोन्हींची सरमिसळ असणार. पण एकदा ते लक्षणांच्या यादीत गेले की ‘मनाचेच आहे’ म्हणायला आयतेच निमित्त मिळते. योगायोग असा, की 1919 मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष वुड्रो विल्सन यांना पक्षाघाताचा झटका आला तेव्हा व्हाइट हाउसमध्ये बोलावून घेतलेल्या तज्ज्ञांत हेच डर्कम होते. अध्यक्षांचे आजारपण किती गंभीर आहे, हे लोकांपासून लपवून ठेवण्यात आले. सत्तेला आजार झाकता येतो. त्या तीन बायकांना आपला देह झाकताही येत नव्हता, आणि त्यातले दुखणे उघड करून दाखवताही येत नव्हते.

या आजाराचा जवळचा नातलग म्हणजे लिपेडिमा. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमधील अॅलन आणि हाइन्स यांनी 1940 मध्ये त्याचे वर्णन केले. तो जवळजवळ फक्त स्त्रियांना होतो आणि बहुधा वयात येताना, गरोदरपणात किंवा पाळी जाताना डोके वर काढतो. दोन्ही पाय सारखेच जाड होत जातात. मांड्या, पोटऱ्या भरत येतात आणि घोट्याशी, पैंजण रुळते तिथे, मेद एकदम थांबतो. खाली पाऊल सडपातळ, जणू दुसऱ्याच कोणाचे. जरा धक्का लागला की काळेनिळे डाग. उपास करून, चालून चालून चेहरा ओढला जातो, छातीच्या फासळ्या दिसू लागतात, पाय तसेच. मग अंगाची दोन मापे होतात. तयार पंजाबी ड्रेस घ्यावा तर कुर्ता ढगळ आणि सलवार पोटरीवर अडलेली. घरचे म्हणतात, रात्रीचा भात बंद कर. शेजारीण सकाळचे लिंबूपाणी सुचवते. कोणीतरी आपल्या रोजच्या दहा हजार पावलांचा हिशेब ऐकवते. सगळे चांगल्या मनाने बोलतात, म्हणून उलटून बोलायचीही सोय नसते.

आपल्याकडे या पायांपुढे आणखी एक चकवा उभा असतो. गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, नागपूर या पट्ट्यात हत्तीरोग जुना. जाड पाय दिसला की त्या भागात मनात पहिले नाव हत्तीरोगाचे येते, आणि त्यात वावगे काही नाही. पण दोन्हींत फरक करायची एक साधी खूण आहे, तिला यंत्र लागत नाही. पायाच्या अंगठ्याशेजारच्या बोटाच्या मुळाशी, आपल्या बायका जोडवी घालतात तिथे, वरची कातडी चिमटीत धरून पाहायची. मुरलेल्या लिम्फेडिमात, हत्तीरोगामुळे येणारी सूज याच जातीची, कातडी इतकी घट्ट आणि जाड झालेली असते की ती चिमटीत येत नाही. निव्वळ लिपेडिमात ती सहज उचलली जाते. स्टेमर या फ्रेंच वैद्याच्या नावाने ही खूण ओळखली जाते. एवढ्याने निदान पक्के होत नाही. सुरुवातीच्या लिम्फेडिमात ती फसवू शकते, आणि जुन्या लिपेडिमात सूज मागाहून येऊ शकते. तरीही जोडव्याशेजारची एक चिमूट एखाद्या बाईला चुकीच्या आजाराच्या रांगेतून बाहेर काढू शकते, ही लहान गोष्ट नव्हे.

जाड देहाला दोष देण्याची खोड आजची नाही. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात एकविसावा अध्याय आहे, ‘अष्टौनिंदितीय’. अतिउंच, अतिठेंगू, अंगभर केस असलेला, मुळीच केस नसलेला, अतिकाळा, अतिगोरा, अतिस्थूल आणि अतिकृश असे आठ देह तिथे निंदित म्हणून सांगितले आहेत. त्यांतही शेवटचे दोन विशेष. पण हाच अध्याय स्थौल्याची कारणे सांगताना भरपूर जेवण, व्यायामाचा अभाव, दिवसाची झोप, निश्चिंतपणा यांच्या शेवटी आणखी एक कारण ठेवतो: बीजस्वभाव. म्हणजे माणूस ज्या बीजातून आला त्याचाच गुण. निंदा आणि निर्दोषत्व एकाच अध्यायात शेजारी बसले आहेत. पुढच्या पिढ्यांनी व्यवहारात निंदा जपली, आणि यादीच्या टोकाला असलेले बीज मात्र विसरून गेल्या.

आधुनिक विज्ञानाने त्या विसरलेल्या टोकाकडे पुन्हा लक्ष वेधले. 1994 मध्ये जेफ्री फ्रीडमन यांच्या प्रयोगशाळेने लेप्टिनचे जनुक शोधले आणि मेद हा नुसता साठा नसून मेंदूशी बोलणारा अवयव आहे हे स्पष्ट झाले. पोट भरले, आता पुरे, हा निरोप मेंदूकडे पाठवण्यात त्याचाही हात असतो. ज्यांच्या शरीरात मेद जवळजवळ तयारच होत नाही, अशा लिपोडिस्ट्रॉफीच्या रुग्णांकडे पाहिले की हे उमजते. ते काटक, पिळदार दिसतात. पण निरोप्याच नसल्यामुळे भूक भागत नाही. साठवायला जागा नसल्यामुळे चरबी यकृतात आणि स्नायूंत शिरते. कोवळ्या वयात मधुमेह होतो. लेप्टिनसारखे काम करणारे मेट्रेलेप्टिन हे औषध अमेरिकेत 2014 मध्ये यांच्यासाठी मंजूर झाले. एकाला मेद दुखतो आणि दुसऱ्याला मेदाचा अभाव मारतो. पाहणाऱ्याने पहिल्याला आळशी ठरवलेले असते आणि दुसऱ्याला तंदुरुस्त. दोन्ही वेळा फसलेला असतो तो पाहणारा.

डोळ्याच्या या फसगतीचा एक नमुना पुण्याचा आहे. केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचे एक छायाचित्र 2004 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापून आले. शेजारी शेजारी उभे दोन सडपातळ संशोधक. दोघांचाही बीएमआय 22.3. शरीरातील मेद मात्र युडकिन यांचा 9.1 टक्के आणि याज्ञिक यांचा 21.2 टक्के. उंची-वजनाचे गणित आणि नजर या दोघांना एका मापाचे ठरवत होती. कातडीखाली हिशेब दुपटीहून निराळा होता. भारतीयांना बारीक दिसूनही मधुमेह का गाठतो, हे समजून घ्यायला हा फोटो फार उपयोगी पडला. मला त्यात आणखी एक धडा दिसतो: देहाच्या बाह्यरेषेवरून आतल्या मेदाबद्दल निवाडा देऊ नये.

इथे एक सावधपणा हवा. प्रत्येक लठ्ठपणा हा दुर्मीळ विकार नसतो, आणि आहार-व्यायामाचे मोल या आजारांमुळे कमी होत नाही. डर्कम किंवा लिपेडिमा असलेल्या बाईलाही गुडघ्यांसाठी, हृदयासाठी चालावेच लागते. प्रश्न एवढाच, की दुखणारा मेद त्या चालण्याने जाईल, असे आश्वासन तिला देऊ नये. आणि तो गेला नाही म्हणून तिला लबाड ठरवू नये. रक्तदाब मोजताना दंडावरचा पट्टा आवळला की तिच्या डोळ्यांत पाणी येते. नातू धावत येऊन मांडीवर बसला की ती ओठ दाबून धरते, त्याला ढकलत नाही. गर्दीत कोपर लागले तर दिवस वाया जातो. हे जगणे आहे. त्यावर रामबाण उपाय नाही. वेदनाशामके, कधी लिडोकेनचे सलाइन, दाब देणारे मोजे, निवडक रुग्णांत लायपोसक्शन, एवढीच शिदोरी.

मग जनजागृतीने काय साधते? फेब्रुवारीचा शेवटचा दिवस 2008 पासून दुर्मीळ आजारांचा दिवस म्हणून पाळला जातो. जून महिन्यात लिपेडिमाविषयी बोलले जाते. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या अकराव्या वर्गीकरणात लिपेडिमाला स्वतंत्र जागा मिळाली, आणि जर्मनीत 2020 पासून तिसऱ्या टप्प्यावरील रुग्णांच्या लायपोसक्शनचा खर्च सार्वजनिक आरोग्यविम्यातून काही अटींवर मिळू लागला. नाव मिळाले की नोंद होते आणि नोंद झाली की हक्क सांगता येतो. भारताचे दुर्मीळ आजारांविषयीचे राष्ट्रीय धोरण 2021 चे. मुंबईचे केईएम हे त्यातील एक उत्कृष्टता केंद्र. पण धोरणाचे तिन्ही गट उपचाराभोवती बांधलेले आहेत: एकदाच करायचा उपचार, आयुष्यभराचा परवडणारा उपचार, आणि अतिमहागडा उपचार. ज्याच्यावर नेमका उपचारच नाही, त्या दुखण्याने कोणत्या खणात बसावे?

जागृतीला बाजारही ताबडतोब हेरतो. नवे नाव कानावर पडले की नवे पॅकेज तयार होते. ‘हट्टी चरबी’ घालवून देणाऱ्या जाहिराती त्याच नावाखाली दुकान मांडतात. म्हणून नुसती नावे पसरवण्यापेक्षा सवयी बदलणे जास्त मोलाचे. हत्तीरोगाची पथके रात्री रक्तनमुने घ्यायला घरोघर जातात, बायकांचे पाय पाहतात. त्यांना ती चिमूट शिकवायला फारसा खर्च येणार नाही. वैद्यकीय विद्यार्थ्याला लठ्ठ रुग्ण तपासताना मेद दाबून ‘दुखते का?’ असे विचारायला शिकवायला तर काहीच खर्च येणार नाही.

दवाखान्यात, घरात, शेजारात जाड बाईला विचारला जाणारा पहिला प्रश्न ‘खाता काय?’ हा असतो. दुसरा प्रश्न, ‘कुठे दुखते?’, बहुधा विचारायचा राहून जातो. दोन्ही प्रश्न रास्त आहेत. बदलायचा आहे तो त्यांचा क्रम. दुखण्याचा प्रश्न आधी आला, तर खाण्याच्या प्रश्नालाही खरे उत्तर मिळण्याची शक्यता वाढते, कारण तोवर समोरची बाई आरोपीच्या पिंजऱ्यातून उतरून रुग्णाच्या खुर्चीत बसलेली असते. डर्कम यांनी तेवढे एक केले होते, आणि त्याला कॅमेरा लागला नव्हता.