साक्षी, भोक्ता आणि केरळचे कायल

केरळच्या किनाऱ्यालगत वाळूच्या पट्ट्यांनी समुद्रापासून अलग झालेल्या आणि नद्यांचे गोडे पाणी भरतीच्या खाऱ्या पाण्यात मिसळत असलेल्या जलाशयांना तेथे ‘कायल’ म्हणतात. त्यांतील सर्वांत विस्तीर्ण अशा वेंबनाड कायलाकडे येणारा प्रवासी तेथे काही करण्यासाठी नव्हे, तर केवळ पाहण्यासाठी येतो, आणि नुसत्या पाहणाऱ्याला कोणत्याही कर्माचा लेप लागत नाही, हे त्याने नकळत गृहीत धरलेले असते. या गृहीतकाला वेदान्ताचा आधार आहे असे वरवर पाहता वाटते. कारण परंपरेनुसार याच प्रदेशात, पेरियारकाठच्या कालडी येथे जन्मलेल्या शंकराचार्यांच्या अद्वैतात ‘साक्षी’, म्हणजे सर्व अनुभव प्रकाशित करूनही त्यांत कर्ता किंवा भोक्ता म्हणून न गुंतणारे चैतन्य, ही संकल्पना मध्यवर्ती आहे.

मात्र ‘दृग्दृश्यविवेक’ या प्रकरणग्रंथातील विवेचनाचा क्रम पाहिला की हा आधार निसटतो. रूप हे दृश्य आणि डोळा हा द्रष्टा. पण मनाच्या अपेक्षेने डोळाही दृश्यच, आणि साक्षीच्या अपेक्षेने मनसुद्धा दृश्यच. तेव्हा डोळे, आवडीनिवडी आणि पैसे मोजून मिळवलेली फुरसत घेऊन आलेला प्रवासी हा साक्षी नव्हेच. तो सरळसरळ भोक्ता आहे. हा विचार त्याच जलाशयाच्या पश्चिमेस, चेर्तला भागातील कळवंकोड येथे, समाजसुधारक संत नारायण गुरूंनी 1927 साली मूर्तीऐवजी आरशाची प्रतिष्ठापना करून डोळ्यांसमोर आणला: तेथे पाहायला आलेला स्वतःच दृश्य होतो. ज्या समाजात कोणाच्या नुसत्या जवळ येण्यानेही विटाळ मानला जात होता आणि जेथे वैकोमच्या मंदिराभोवतीचे रस्ते सर्वांना खुले व्हावेत म्हणून 1924 मध्ये सत्याग्रह करावा लागला होता, तेथे ही केवळ तात्त्विक खेळी नव्हती.

प्रवाशाच्या भोक्तेपणाचे स्वरूप त्याच्या नौकेवरून कळते. फळ्या काथ्याने शिवून, खिळ्यांवाचून बांधली जाणारी ‘केट्टुवळ्ळम’ ही नाव पूर्वी वेंबनाडलगतच्या कुट्टनाड भागातला भात वाहून नेत असे. रस्ते झाले, तिचे काम गेले, आणि 1990 नंतरच्या दशकात तिला खोल्या व इंजिन जोडून पर्यटकांचे तरंगते घर करण्यात आले. (जुन्या कारागिरीला त्यामुळे काम मिळाले, हेही नाकारता येत नाही.) समुद्रसपाटीखालच्या शेतांत बांधांच्या आधाराने भात पिकवणारी कुट्टनाडची माणसे ज्या कालव्यांच्या पाण्यात अंघोळी करतात आणि भांडी घासतात, त्याच कालव्यांतून ही घरे डिझेलवर चालतात.

अशा वेळी नाव दुसऱ्याने चालवली, सांडपाणी दुसऱ्याने सोडले, हा बचाव पातंजल योगसूत्रे मान्य करीत नाहीत. दुसऱ्या पादात हिंसादी दोषांचे तीन प्रकार सांगितले आहेत: ‘कृत’, म्हणजे स्वतः केलेले, ‘कारित’, म्हणजे इतरांकडून करविलेले, आणि ‘अनुमोदित’, म्हणजे संमती दिलेले. मोबदला देऊन नौका चालवून घेणारा दुसऱ्या प्रकारात येतो आणि मागे राहिलेल्या तेलाच्या तवंगाकडे काणाडोळा करणारा तिसऱ्या प्रकारात. म्हणून नौका ठरवतानाच तिचे सांडपाणी कोठे जाते हे विचारणे हा प्रवाशाच्या धर्माचाच भाग ठरतो.